चार ओव्हरचा माणूस

गेल्या शनिवारी शिरूरला मावशीकडे गेलो होतो. निमित्त जेवणाचं होतं, खरं काम वेगळंच. मावशीने आईला फोन करून सांगितलं होतं, "तुझ्या इंजिनियरला पाठव, त्याचं ऐकेल तो." तो म्हणजे माझा मावसभाऊ. वय २६. रांजणगाव एमआयडीसीत एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे, शिफ्ट ड्युटी. आणि लेगस्पिन टाकतो.

लेगस्पिन टाकतो हे मी सहज म्हणून सांगत नाहीये. घरातलं सगळं भांडण तिथूनच सुरू होतं. आता कुणाच्या तरी ओळखीने त्याला मुंबईत एका क्लबच्या नेट्समध्ये दोन महिने बॉलिंग टाकायला बोलावलंय. कॉन्ट्रॅक्टरने स्वच्छ सांगितलं, जायचं तर जा, पण परत आल्यावर नाव यादीत असेलच असं नाही. मावशीचं म्हणणं, २६ व्या वर्षी कसलं क्रिकेट, याच्या वयाच्या पोरांची लग्नं झाली. (इथे तिने माझ्याकडे पण एकदा बघून घेतलं. असो.)

मी दौंडचा. पाटस, चौफुला, पारगाव, न्हावरे करत बाईकवर शिरूर गाठायचं म्हणजे उसाच्या ट्रॉल्यांमागे भरपूर वेळ मिळतो विचार करायला. मी मुद्दे तयार केले होते. पर्मनंट व्हायची शक्यता, बाईकचा हप्ता, पीएफ. घरात पाऊल टाकलं आणि मी तोंड उघडायच्या आधी हा म्हणतो, "दादा, प्रवीण तांबे."

झालं. सगळे मुद्दे तिथेच आऊट.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रवीण तांबे, जन्म १९७१, मुंबई. आयुष्यभर कांगा लीग आणि ऑफिस क्रिकेट खेळला. आधी मिडियम पेस टाकायचा, मग ओरिएंट शिपिंगच्या टीममध्ये असताना लेगस्पिनकडे वळला. मुंबईच्या रणजी संघात जागा मिळावी म्हणून वीसेक वर्षं वाट बघितली, मिळाली नाही. २०१३ मध्ये राजस्थान रॉयल्सने त्याला घेतलं. कॅप्टन राहुल द्रविड. मे महिन्यात जयपूरला दिल्लीविरुद्ध तो आयपीएलची पहिली मॅच खेळला तेव्हा वय होतं ४१ आणि खात्यावर एकही फर्स्ट क्लास मॅच नव्हती. त्याच वर्षी चँपियन्स लीगमध्ये ५ मॅचमध्ये १२ विकेट, स्पर्धेत सगळ्यात जास्त. मग कुठे मुंबईला जाग आली आणि ४२ व्या वर्षी रणजी पदार्पण झालं!

आणि ५ मे २०१४, अहमदाबाद. ही मॅच मी शाळेत असताना टीव्हीवर बघितली होती, त्यामुळे थोडं रेंगाळतो. समोर कोलकाता, १७१ करायचेत, स्कोअर बिनबाद १२१. मॅच संपल्यात जमा. बाबा तर उठून जेवायला बसले. मग वॉटसनने एका ओव्हरमध्ये तीन काढले. पुढची ओव्हर तांबेची. मनीष पांडे वाईड बॉलवर स्टंप, युसूफ पठाणचा स्वतःच्याच बॉलिंगवर कॅच, टेन डुशाटे पायचीत. वाईड धरला जात नाही, त्यामुळे हॅट्‌ट्रिक दोनच बॉलमध्ये झाली असं म्हणावं लागतं. बिनबाद १२१ चे ६ बाद १२३. राजस्थान १० रनांनी जिंकलं आणि मॅन ऑफ द मॅच साडेबेचाळीस वर्षांचा माणूस. बाबा हातात भाकरी घेऊन परत टीव्हीसमोर!

२०२२ मध्ये श्रेयस तळपदेचा 'कौन प्रवीण तांबे?' आला आणि तेव्हापासून ही गोष्ट व्हॉट्सअॅपवर 'हार मानू नका' या सदरात फिरते. आमच्या ऑफिसमध्ये एका टाऊनहॉलमध्ये पण दाखवली होती. त्याच आठवड्यात अप्रेझलची पत्रं यायची होती, हा योगायोग म्हणू या.

मला त्या गोष्टीशी भांडायचंय. तांबेशी नाही, त्या माणसाला दंडवत. भांडण आहे ते गोष्ट सांगायच्या पद्धतीशी. हार न मानणं ही गोष्ट तांबेकडे १९९५ मध्ये पण होती आणि २००५ मध्ये पण होती. चिकाटी तीच, मेहनत तीच. मग २०१३ मध्येच असं काय बदललं? माझ्या मते तो बदलला नाही, कामाचं स्वरूप बदललं. रणजीला चार दिवस टिकणारा माणूस लागतो, दिवसात वीस-पंचवीस ओव्हर टाकणारा, पुढची दहा वर्षं उपयोगी पडेल असा. निवड समितीने तिशीच्या पुढच्या पोराला (पोरच म्हणतो) का घ्यावं? टी-२० ने नवीन नोकरी काढली. चोवीस बॉल टाका, घरी जा. आणि कोणीतरी फक्त एवढंच विचारलं की हे चोवीस बॉल कोण नीट टाकेल. जन्मतारीख विचारली नाही.

अमेरिकन लोकांना ही नोकरी फार आधीपासून माहितीय. आमचा क्लायंट तिकडचा, त्यामुळे कॉलवर अर्धी भाषा बेसबॉलची असते. 'टच बेस', 'बॉलपार्क फिगर', 'कर्व्हबॉल'. आपण पण बिनधास्त वापरतो, मैदान कधी न बघता :-) मी मात्र करोनात रात्रीच्या शिफ्टला बसून तो खेळ शिकलो. त्यात पिचर दोन जातीचे. एक स्टार्टर, जो मॅच सुरू करतो आणि पाच-सहा इनिंग ओढतो. दुसरा रिलीव्हर. हा मैदानाच्या कडेला बुलपेन नावाच्या जागेत बसून असतो. फोन वाजला की हात गरम करायचा आणि मैदानात जायचं, बऱ्याचदा दुसऱ्याने करून ठेवलेल्या घोळात. बेसवर आधीच दोन माणसं उभी असतात. ती पळून रन झाली तर हिशोबात ती आधीच्या पिचरच्या नावावर चढतात, पण मॅच घालवली म्हणून शिव्या खायच्या ह्याने.

प्रॉडक्शन सपोर्टमध्ये काम केलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. रात्री अडीचला फोन वाजतो, कोड दुसऱ्याचा, डोकं आपलं. आणि काहीच बिघडलं नाही तर वर्षअखेर विचारतात, तू वर्षभर केलंस काय?

तर त्या रिलीव्हर जातीत हॉयट विल्हेम नावाचा एक माणूस होऊन गेला. दुसऱ्या महायुद्धात लढला, जखमी झाला. मेजर लीगमध्ये पहिल्यांदा उतरला १९५२ मध्ये, वय २९. तिकडच्या हिशोबाने म्हाताराच. टाकायचा काय, तर नकलबॉल. हळू, जवळजवळ न फिरणारा, हवेत कुठेही वळणारा बॉल. म्हणजे आपल्या लेगस्पिनचा लांबचा चुलता. वेगच नसल्यामुळे वयाने वेग जायची भीती नाही. १९७२ पर्यंत खेळला, पन्नाशीला काही दिवस राहिले होते. १९८५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला, तिथे पोचलेला पहिला रिलीव्हर. एकच कसब, पण त्या एका कसबाला गिऱ्हाईक होतं.

आपल्याकडून पण एक जण तिथे गेला होता. रिंकू सिंग (कोलकात्याचा सिक्सरवाला नव्हे, दुसरा). उत्तर प्रदेशातला भालाफेकपटू, २००८ मध्ये बॉल जोरात फेकायची टीव्हीवरची स्पर्धा जिंकला आणि पिट्सबर्ग पायरेट्सने करार केला. खालच्या लीगमध्ये रिलीव्हर म्हणून बरीच वर्षं काढली. मेजर लीग काही मिळाली नाही, नंतर डब्ल्यूडब्ल्यूईत गेला.

हे सगळं मी भावाला ऐकवलं. तो म्हणाला, "मग बरोबरच आहे ना दादा माझं? मी पण दोन ओव्हरचाच माणूस आहे." आणि ते खरंय. आमच्याकडे टेनिस बॉलच्या आठ ओव्हरच्या मॅचेस असतात, रात्री लाईट लावून, यूट्यूबवर लाइव्ह. दौंड, शिरूर, श्रीगोंदा, कुठलीही टीम याला बोलावते ती फक्त दोन ओव्हरसाठी. समोर हाणणारा डावरा असला की हमखास. दोन ओव्हर टाकतो, पाकीट घेतो, वडापाव खातो, सकाळी सातच्या शिफ्टला हजर.

पण इथेच तांबेच्या गोष्टीतला एक भाग सगळे गाळतात, सिनेमा बघून आलेले तर हमखास. वीस वर्षं वाट बघायला पगार लागतो. तांबेला तो ऑफिस क्रिकेटने दिला. मुंबईत टाइम्स शील्ड नावाची स्पर्धा आहे, कंपन्यांच्या टीम खेळतात. बँका, कारखाने, शिपिंग कंपन्या क्रिकेटपटूंना नोकऱ्या द्यायच्या. महिन्याला पगार, प्रॅक्टिसला सवलत, मॅचच्या दिवशी सुट्टी. रणजी न मिळालेला माणूस पण चाळिशीपर्यंत चांगल्या बॅट्समनना बॉलिंग टाकत राहू शकायचा. तांबेची चिकाटी होतीच, पण ती चिकाटी कुठल्या तरी मस्टरवर लागलेली होती.

आमच्या दौंडमध्ये याची छोटी आवृत्ती रेल्वे होती. बाबा रेल्वेत. त्यांच्या तोंडून लहानपणापासून ऐकलंय, अमका खेळाडू म्हणून लागला, तमका कबड्डीवर लागला. खेळाडू कोट्यातून लागलेल्या माणसाकडे बघायची नजरच वेगळी असायची. 'खेळतो, म्हणून नोकरी आहे.' मावशीच्या घरात तेच वाक्य उलटं झालंय. खेळतो, म्हणून नोकरी जाईल.

रांजणगावात एवढ्या मोठ्या कंपन्या आल्या, जगातली नावं आहेत तिथे. पण कॉन्ट्रॅक्टवरच्या पोराला मॅचसाठी सुट्टी ही कल्पनाच हास्यास्पद आहे. ज्याचं आयकार्ड दुसऱ्याच एजन्सीचं आहे तो कंपनीच्या टीममधून खेळणार कसा? आमच्या आयटीत दरवर्षी कॉर्पोरेट लीग असते, टी-शर्ट छापतात, मॅनेजर ओपनिंगला येतो. ते ऑफिस क्रिकेट नव्हे, ते पिकनिक. त्यामुळे टाऊनहॉलमध्ये तांबे दाखवणाऱ्यांना मला विचारावंसं वाटतं, साहेब, तुमच्या कंपनीने शेवटचा खेळाडू नोकरीला कधी ठेवला?

शेवटी बदललेली नोकरी पण काही कुणाच्या मालकीची नसते. २०१९ च्या डिसेंबरमधल्या लिलावात कोलकात्याने तांबेला २० लाखांना घेतलं, वय ४८. पण मधे २०१८ मध्ये तो निवृत्ती जाहीर करून परदेशातली टी-१० लीग खेळून आला होता. तिथेही पाच विकेट, हॅट्‌ट्रिकसकट, गेल, मॉर्गन आणि पोलार्ड त्या पाचांत. बीसीसीआयच्या नियमात ते बसत नव्हतं, त्यामुळे आयपीएल हुकली. मग २०२० मध्ये तो कॅरिबियन लीग खेळला, तिथे खेळलेला पहिला भारतीय, आणि त्याची टीम एकही मॅच न हरता जिंकली. म्हणजे चोवीस बॉल टाकायची ताकद संपली नव्हती, फॉर्म भरायची अट आडवी आली. कँपसला 'दहावीपासून सलग ६० टक्के'वर अडकलेल्या माझ्या काही मित्रांना हे वाचून बरं वाटेल. किंवा वाटणार नाही.

तर जेवण झाल्यावर आम्ही दोघं घोड नदीच्या बाजूला चक्कर मारून आलो. मी मोबाईलवर हिशोब मांडला. दोन महिन्यांचा बुडणारा पगार, बाईकचा हप्ता, मुंबईत राहायचं-खायचं, आणि परत आल्यावर नोकरी नसेल तर आणखी दोन महिने धरून. आकडा काही फार मोठा नव्हता. मी गेल्या वर्षी घेतलेल्या फोनपेक्षा थोडा जास्त. मी म्हणलं, "हे मी देतो. उसने नाही. पण दोनच महिने. आणि मुंबईत पहिल्या दिवशी विचारायचं, इथे कुठली कंपनी टीम ठेवते आणि पगार देते. फक्त नेट्समध्ये फुकट बॉल टाकून परत यायचं नाही."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आईला कोण सांगणार?"

मीच सांगितलं. मावशी काहीच बोलली नाही, ताटं उचलून आत गेली. निघताना डबा मात्र भरून दिला, शेंगदाण्याची चटणी आणि चार भाकऱ्या. एरवी मी चौफुल्याला पोचलो असेन असं धरून तिचा फोन येतो. या वेळी घरी पोचून आंघोळ झाली तरी आला नव्हता.