नाव उरते, बँड उरतो का?

बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर ५ जुलै २०२५ रोजी ‘ब्लॅक सबाथ’चे मूळ चौघे २० वर्षांनी एकत्र आले. पार्किन्सनने ग्रासलेले ऑझी ऑस्बर्न सिंहासनावर बसूनच गायले. १७ दिवसांनी त्यांचे निधन झाले. मूळ सदस्यांनीच असा पडदा पाडल्याने ब्रिटिश रॉकच्या चाहत्यांमधील जुना वाद पुन्हा ऐरणीवर आला: कलावंत गेल्यावर बँडचे नाव चालवावे काय?

‘क्वीन’चे उत्तर होकारार्थी आहे. पाचगणीच्या शाळेत शिकलेले फ्रेडी मर्क्युरी १९९१मध्ये निवर्तले. पुढे बासवादक जॉन डीकनही निवृत्त झाले. उरलेल्या दोघांनी अॅडम लॅम्बर्टला सोबत घेऊन मैदाने भरवली. मात्र जाहिरातीत लॅम्बर्टचे नाव ‘क्वीन’पुढे वेगळे जोडले जाते. नाके मुरडणाऱ्या शुद्धतावाद्यांनी एवढा प्रामाणिकपणा तरी मान्य करावा.

‘बीटल्स’चे प्रकरण अधिक नाजूक आहे. जॉन लेनन यांच्या १९७०च्या दशकातील कॅसेटवरून त्यांचा आवाज संगणकाने पियानोपासून विलग केला गेला आणि २०२३मध्ये ‘नाऊ अँड देन’ प्रसिद्ध झाले. ब्रिटनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर पोहोचले. कॅसेट योको ओनो यांनीच सोपविली होती, हे खरे. परंतु १९९५मध्ये याच गाण्याचे काम अर्धवट सोडले गेले, ते जॉर्ज हॅरिसन यांच्या नापसंतीमुळे, असे पॉल मॅकार्टनी यांनीच सांगितले आहे. हॅरिसन २००१मध्ये गेले. पूर्ण झालेल्या गाण्यात त्यांची १९९५ची गिटार मात्र वाजते.