मुशी ओळखून नोंदवा

 पोलादपूर-महाडकडून सावित्री नदी बाणकोटच्या खाडीला मिळते आणि तिथे अरबी समुद्र सुरू होतो. त्या समुद्रातली शार्क बाजारात आली की तिला सरसकट ‘मुशी’ म्हणतात. खाणाऱ्याला तेवढे पुरते. सरकारी नोंदीला पुरू नये.

कॅटशार्कचेच पाहा. मांजरासारखे लांबट डोळे आणि पाठीवरचा पहिला पर पोटाखालच्या परांच्या वर किंवा त्याहून मागे, ही त्यांची ओळख. मुंबई गोदीत बांधलेल्या ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण जहाजावर काम केलेल्या आल्फ्रेड आल्कॉक यांनी 1891 साली अंदमानच्या समुद्रातल्या एका छोट्या कॅटशार्कचे वर्णन केले. आज ती ‘बायथेलुरस हिस्पिडस’ या नावाने ओळखली जाते. बहुतेक कॅटशार्क अंडी घालतात, ही मात्र पिल्ले देते, तीही मोजकीच. केरळात खोल समुद्रातल्या कोळंबीच्या ट्रॉलरमध्ये ती नकळत सापडते.

आपल्या किनाऱ्यावरची लांब, चपट्या नाकाची ‘स्कोलिओडॉन’ मुशी एका वेळी दहाहून अधिक पिल्लेही देते. दोघींना एकाच रकान्यात टाकले, तर कोणती घटते आहे हे कळणार कसे?

मासेमारीचे नियम जातीनुसार हवे असतील, तर आधी जात ओळखणारी माणसे हवीत. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याने ससून डॉकसारख्या प्रत्येक मोठ्या बंदरावर वर्गीकरण शिकलेले कर्मचारी नेमावेत आणि मुशीची नोंद जातवार सुरू करावी.