आजोबा वारीला गेले की टेंपो?

आषाढात तुकोबांची पालखी बारामती सोडून सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरकडे सरकते आणि या दोन तालुक्यांतले कितीतरी म्हातारे तिच्या मागोमाग पंढरीची वाट धरतात. ज्या घरात म्हाताऱ्याच्या हातून काहीच टाकवत नाही, त्या घरातली पोरं मग हाच मुहूर्त साधतात. टेंपो येतो, पोटमाळा खाली उतरतो, भंगारवाला काटा लावतो. ‘आल्यावर चार दिवस कुरकुर करतील, मग विसरतील,’ असा धीर द्यायला शेजारीही हजर असतात. हा सल्ला मला नुसता चुकीचा नाही, आततायी वाटतो.

आधी आपण कशाबद्दल बोलतोय ते पाहू. ठिबकच्या जुन्या नळ्यांचं वेटोळं गोठ्यात टांगून ठेवणारा शेतकरी आजारी नसतो. पुढच्या हंगामात तीच नळी जोडायला कामी येते. पण एखाद्या घरात खाटेवर खताच्या गोण्या चढलेल्या असतात, गोण्यांत धुऊन, वाळवून, चौघडी घातलेल्या दुधाच्या पिशव्या, लग्नपत्रिका, श्रीखंडाचे डबे, बंद पडलेले मोबाइल. माणूस झोपतो जमिनीवर आणि हात लावला की अंगावर धावून येतो. हे निराळं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साली साठवत राहण्याच्या या अवस्थेला स्वतंत्र विकार म्हणून मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीतही ती आता आहे. वय वाढतं तशी ती बळावते.

‘बहात्तरचा दुष्काळ पाहिलेली माणसं, साठवणारच,’ हा आपल्याकडचा लाडका युक्तिवाद. दुष्काळ अख्ख्या इंदापूर तालुक्याने पाहिला. म्हणून काय घरोघरी खाटा गोण्यांखाली गेल्या? संशोधकांनीही लहानपणच्या गरिबीशी या विकाराचा संबंध तपासून पाहिला. तो ठोसपणे हाती लागला नाही. निर्णय घेताना होणारी घालमेल, वस्तूत अडकलेला जीव आणि चूक होईल ही धास्ती यांचा वाटा मोठा. दुष्काळाचं नाव घेतलं की घरच्यांना फक्त डॉक्टरकडे न जाण्याची सबब मिळते.

आता टेंपोकडे येऊ. मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावाच्या आरोग्य खात्याने असं एक घर रिकामं करण्यावर 16,000 डॉलर खर्चले. दीड वर्षात घर होतं तसं भरलं. रोग माणसात आणि औषध माळ्याला, म्हणजे आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी! वर नुकसान असं की पोरांवरचा विश्वास उडतो. पुढच्या वर्षी म्हातारा वारीलाही जात नाही.

दुसरा पक्ष पर्यावरणवाल्यांचा. त्यांचं म्हणणं, घरात वेगवेगळे डबे ठेवा, पुनर्वापर शिकवा, पसारा आपोआप हलेल. इथे गंमत अशी की या माणसाला पुनर्वापर शिकवावा लागतच नाही, तोच त्याचा धर्म असतो. ‘फेकू नको, याचं काहीतरी होतं,’ हे तो आपल्याआधी म्हणतो. 2018च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीला परतीची किमान पन्नास पैसे किंमत ठरली होती. पिशव्या परत घेणारी व्यवस्था काही गल्लीपर्यंत नीट पोचली नाही. मग ज्याने शंभर पिशव्या जपल्या त्याला मूर्ख कसं म्हणायचं? नवा डबा आणला की साठवायला नवी जागा झाली, एवढाच त्याचा अर्थ. अशा घरात अडतं ते वस्तू बाहेर पडण्यापाशी.

म्हणून माझं म्हणणं असं. पुनर्वापर चालवायचा तर त्याच माणसाच्या हातून चालवायचा आणि बाहेरची वाट आधी पक्की करायची. प्रत्येक जिनसाला एकच गोणी. भरली की ठरलेल्या वारी जाणार, दुसरी गोणी उघडायची नाही. भंगारवाला ओळखीचा, ठरलेला हवा. काट्यावरचे पैसे म्हाताऱ्याच्याच मुठीत पडले पाहिजेत, मग रक्कम चहापुरती का असेना. ‘हे लागतंय का?’ असं विचारूच नये, उत्तर ‘लागतंय’ हेच येणार. ‘हे कुणाला द्यायचं?’ असं विचारावं. जुन्या लुगड्यांच्या बदल्यात पातेलं देणारी बोहारीण इथे दहा उपदेशकांना भारी पडते. सुरुवात लग्नपत्रिकांपासून करू नये. ज्यात जीव कमी अडकलाय त्या पुठ्ठ्यापासून करावी.

काही गोष्टींत मात्र मुरवत नको. ओला कचरा त्याच दिवशी घंटागाडीत. डाळिंबावर फवारलेल्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या घरात नकोतच. त्या पुन्हा वापरात येऊ नयेत असं 1971चे कीटकनाशक नियमही सांगतात. मुदत संपलेल्या गोळ्या, फुगलेल्या बॅटऱ्या, गॅसशेजारचे कागदांचे गठ्ठे यांवर चर्चा होत नाही.

यावर खरा, वजनदार आक्षेप सुनेचा. ‘तुमची गोणी भरेपर्यंत मी वर्षानुवर्षं ढिगाऱ्यात स्वयंपाक करायचा का?’ नाही. सबुरीचं बिल नेहमी घरातल्या बाईच्या नावे फाडायचं, ही आपली जुनी खोड आहे. स्वयंपाकघर, न्हाणीघर, झोपायची जागा आणि दारापर्यंतची वाट ही तिची. तिथे आलेली वस्तू टाकायची नाही, पण उचलून म्हाताऱ्याच्या खोलीत न्यायची, त्याच्यादेखत आणि दर वेळी. हा नियम मुलाने बापाला तोंडावर सांगायचा, बायकोला पुढे करायचं नाही. बारामतीत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हातारा तिथल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे यायला तयार नसेल तर पहिल्या खेपेला मुलाने आणि सुनेनेच जाऊन बसावं. तेवढंही जमत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.