यंत्राशेजारचा माणूस

२०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस योजना जाहीर झाली आणि जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना मोफत डायलिसिस मिळण्याची वाट खुली झाली. ही मोठीच गोष्ट. पवनी तालुक्यातल्या आमच्या कोंढ्यासारख्या गावात मूत्रपिंडे निकामी होणे म्हणजे पूर्वी एकतर शेत विकायचे, नाहीतर दिवस मोजायचे. परंतु अशा योजनांचा हिशेब आपल्याकडे यंत्रांच्या संख्येत मांडला जातो आणि माझी तक्रार तिथेच आहे.

यंत्र नेमके काय पाहते? मिनिटाला साधारण २५० ते ३०० मिलिलिटर रक्त नळीतून बाहेर येते, गाळले जाते आणि परत जाते; असे चार तास. नळीतला दाब बिघडला, हवेचा बुडबुडा आला, की यंत्र लगेच ओरडते. शरीराबाहेरच्या रक्तावर त्याचा पहारा चोख. आतल्या रक्ताभिसरणाचे काय?

बँकेची भाषा अंगवळणी पडलेली, म्हणून तीच वापरतो. रक्तवाहिन्या हे चालू खाते. पायांत, पोटात साठलेले पाणी ही मुदत ठेव. यंत्र काढते ते चालू खात्यातून, आणि ठेव तिकडे वर्ग व्हायला वेळ लागतो. काढण्याचा वेग वाढला की खाते खडखडीत होते, रक्तदाब कोसळतो. वजनाच्या दर किलोमागे तासाला १३ मिलिलिटरच्या पुढे जाऊ नये, असे सर्वसाधारणपणे मानतात. पन्नास किलोच्या माणसाचे चार तासांत झाले २६०० मिलिलिटर. रोवणीच्या दिवसांत भंडाऱ्याची एक खेप हुकली, की पुढच्या वेळी अंगात चार लिटर पाणी असू शकते. आणि खाटेवरचे तास मात्र तेवढेच.

म्हणून दर अर्ध्या तासाने रक्तदाब बघायचा. जांभया, पोटरीत गोळा, घाम, डोळ्यांपुढे अंधारी या खुणा ओळखून पाय वर करणे, पाणी काढणे थांबवणे, सलाईन सोडणे हे माणसाचे काम. रक्त किती दाट होत चालले ते प्रकाशकिरणांनी मोजणारी उपकरणेही आली आहेत. पण २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या ४४३ रुग्णांच्या चाचणीत हे उपकरण लावलेल्यांना रुग्णालयात दाखल करण्याची वेळ कमी नव्हे, उलट जास्तच आली. आलेख बघून काय करायचे, हे शेवटी कुणीतरी ठरवायचेच असते. तेव्हा एका तंत्रज्ञाकडे किती खाटा, हा आकडा यंत्रांच्या आकड्याशेजारी छापला गेला पाहिजे.

थोडी देखरेख घरच्यांच्याही हातात आहे, अगदी शब्दशः. हाताची रोहिणी आणि नीला जोडून केलेल्या फिस्तुलावर रोज सकाळी बोटे ठेवावीत. मांजर गुरगुरावे तशी थरथर लागते. त्या हातावर घड्याळ नको, रक्तदाबाचा पट्टा नको, धानाचे पोते तर नकोच. आणि थरथर लागली नाही, तर गुठळी झाली असण्याची शक्यता धरून पुढच्या वाराची वाट न पाहता त्याच दिवशी केंद्र गाठावे.