स्टिअरिंगवरील चामडे आणि आपला स्वाभिमान

स्मरणिकेत मान्यवरांचे शुभसंदेश असतात, संस्थेच्या वाटचालीचा आढावा असतो, गुणवंत विद्यार्थ्यांची नामावली असते. अशा अंकात मोटारीच्या झिजलेल्या स्टिअरिंगविषयीचा लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु गेल्या वर्षी या स्टिअरिंगवरूनच पालकसभेत एक प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर माजी विद्यार्थी म्हणून आम्ही त्या दिवशी देऊ शकलो नाही. ते या निमित्ताने द्यावे, असे आम्हांस वाटते.

वसतिगृहाची जुनी मोटार आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. रात्री-अपरात्री आजारी विद्यार्थ्याला महाडच्या रुग्णालयात तिनेच पोहोचवले आहे. पोलादपूर तालुक्यातील डोंगरवाड्यांवरच्या मुलांना ऐन पावसाळ्यात तिनेच घरी नेऊन सोडले आहे. इतक्या वर्षांत तिच्या स्टिअरिंगवरील चामड्याचा रंग उडाला होता, वरचा थर सोलवटला होता, डाव्या-उजव्या बाजूंना हाताच्या पकडीचे तेलकट, काळे पट्टे पडले होते. चालकाने वरून रेक्झिनचे कव्हर चढवले, तर ते वळणावर हातातच फिरू लागले. आंबेनळीच्या किंवा वरंधच्या घाटात ज्यांनी गाडी चालवली आहे, त्यांना यातील धोका वेगळा सांगण्याची गरज नाही.

दिवाळीच्या सुटीत आमच्यातील एक माजी विद्यार्थी आला. मोटारींच्या आतील सजावटीचे काम हा त्याचा व्यवसाय. सुटीत वसतिगृहातच राहिलेल्या नववी-दहावीच्या मुलामुलींना भोवती बसवून त्याने दोन दिवसांत ते स्टिअरिंग पूर्ववत केले. मुले हरखून गेली. मग सुटीच्या दिवसांत असे शिक्षण नियमित द्यावे, अशी सूचना आम्ही पालकसभेत मांडली. तेव्हा एक वयोवृद्ध पालक उभे राहिले आणि म्हणाले, "चामडं हातातनं टाकायला आमच्या बापजाद्यांना चवदार तळ्यापर्यंत जावं लागलं. ते तुम्ही परत पोरांच्या हातात देताय?"

सभागृह स्तब्ध झाले. त्या बाबांचा प्रश्न खोटा नव्हता आणि आजही तो हलक्याने घेण्याजोगा नाही.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. बोले ठरावानुसार सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले होते आणि महाड नगरपालिकेनेही तसा निर्णय केला होता. परंतु कागदावरचा हक्क ओंजळीत आला नव्हता. २० मार्चला बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले आणि तो ओंजळीत आला. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना मृत जनावरांचे मांस खाणे सोडा, उष्टे-शिळे मागून आणणे सोडा, स्वाभिमानाने जगा, असे बजावले. पुढे १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले. कोणत्याही प्रहरी हाक आली की धावायचे आणि ठरलेली मजुरी मागायची नाही, ही वतनाची रीत होती. मेलेले जनावर ओढणे हे त्याच रीतीतले काम. गावोगावी आपल्या लोकांनी ते टाकले, त्यासाठी बहिष्कार सोसले, उपासमार सोसली. त्या सोसण्याच्या बळावर आपण वसतिगृहापर्यंत आलो.

म्हणूनच त्यांनी नेमके काय टाकले, हे नीट समजून घेतले पाहिजे. त्यांनी टाकली ती सक्ती. जन्मावरून माथी मारलेले, दाम न देता करून घेतलेले आणि केल्याबद्दल वर विटाळ मानलेले काम त्यांनी नाकारले. हाताच्या कौशल्याशी त्यांचे वैर नव्हते. ज्या कामाचा मोबदला मागता येत नाही, जे नाकारता येत नाही, ते काम गुलामीचे. मग हातात चामडे असो, झाडू असो वा लेखणी. आणि जे काम शिकून, निवडून, दर सांगून करता येते व नको वाटल्यास सोडताही येते, त्याला ते नाव देता येणार नाही.

आता प्रत्यक्ष काम पाहू. स्टिअरिंगवरचे चामडे बहुधा वरच्या बाजूस आणि डाव्या-उजव्या पकडीवर झिजते. घाम, त्वचेचे तेल आणि काचेतून येणारे ऊन त्याचा वरचा संरक्षक थर हळूहळू खातात. कोरोनाच्या काळात हाताला लावलेल्या सॅनिटायझरने हे काम आणखी लवकर केले. कोकणच्या पावसाळ्यात बंद गाडीत बुरशी धरते, ती वेगळीच. चामडे फाटलेले नसेल तर ते बदलण्याची गरज नसते. आधी सौम्य साबणाच्या पाण्यात किंचित ओला केलेला मऊ ब्रश फिरवून मळ काढावा. पाणी बटणांत उतरू देऊ नये. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा पुसावा. ६०० ते १००० नंबरच्या पॉलिश पेपरने सुटलेला थर हलक्या हाताने घासून कडा सारख्या कराव्यात. भेगांत चामड्यासाठीचे फिलर पातळ थरांनी भरावे व वाळल्यावर पुन्हा घासावे. नंतर पाण्यात मिसळणारा चामड्याचा रंग स्पंजने टिपत टिपत तीन-चार पातळ थरांत द्यावा आणि प्रत्येक थर वाळू द्यावा. शेवटी चमक नसलेला संरक्षक थर देऊन निदान एक दिवस गाडी हाती घेऊ नये. हे सारे नाक-तोंड झाकून, खिडक्या उघड्या ठेवून करावे. मधल्या भागातील एअरबॅगला प्रशिक्षण नसलेल्याने हात लावू नये. खोबरेल तेल, बुटाचे पॉलिश किंवा चकाकी आणणारे सिलिकॉन यांचा मोह टाळावा. त्यांनी स्टिअरिंग सुंदर दिसते आणि घाटात हातातून निसटते. चामडे फाटलेच असेल तर नवा तुकडा मापाने कापून, मेणवलेल्या दोऱ्याने, दोन सुयांनी हाताने शिवावा लागतो. या टाक्यांना वर्षांचा सराव लागतो.

हे वर्णन आम्ही मुद्दाम सविस्तर दिले. यातील प्रत्येक पायरीमागे रसायनशास्त्र आहे, माप आहे, संयम आहे. ते पाहून मुलांनी विचारले होते, "अल्कोहोल आधी का, नंतर का नाही?" विज्ञानाच्या तासाला असा प्रश्न उमटला, तर कोणता शिक्षक आनंदणार नाही?

दुसरी शंका धम्माच्या बाजूने घेतली जाते. चामड्याचे काम सम्यक आजीविकेत बसते काय? अंगुत्तर निकायात उपासकाने वर्ज्य करावयाचे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष. झिजलेल्या चामड्याची दुरुस्ती यांपैकी कशात बसत नाही. विनयपिटकाच्या महावग्गात तर चामड्याच्या वस्तूंविषयी स्वतंत्र प्रकरणच आहे. अनेक पदरी नवी पादत्राणे वापरण्यास भगवंतांनी भिक्खूंना मनाई केली, पण दुसऱ्याने वापरून टाकलेली तशी पादत्राणे घेण्यास मुभा दिली. चुल्लवग्गात राजा उदेन आनंद स्थविरांना विचारतो, की मिळालेल्या पाचशे वस्त्रांचे तुम्ही काय करणार? आनंद सांगतात, की ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना ती वाटू. जीर्ण चीवरांची आच्छादने होतील, त्यांची पुढे पायपुसणी होतील, आणि शेवटी चिंध्या मातीत कालवून जमीन सारवू. वस्तूचा शेवटपर्यंत सन्मान करण्याचा हा संस्कार आहे. असलेले चामडे दुरुस्त केले की तेवढ्यापुरती नव्या कातड्याची गरज उरत नाही. अहिंसेच्या दृष्टीनेही हेच योग्य ठरते.

मात्र या कामात शीलाची खरी कसोटी दुसरीकडे आहे. झिजलेले स्टिअरिंग ही मोटारीची साक्ष असते. गाडी किती चालली, हे ते सांगते. किलोमीटरचा आकडा मागे फिरवून आणि स्टिअरिंग नवे करून गाडी विकणाऱ्याला कारागिराने हातभार लावला, तर त्याच्या कौशल्याने मुसावादाचीच सेवा केली. २२ जुलै २०२१ चा महापूर महाडकर विसरलेले नाहीत. बाजारपेठेत पाणी शिरले, तळियेच्या दरडीने ऐंशीहून अधिक जीव घेतले. अशा पुरात बुडालेल्या गाडीचे चामडे रंगवून साजरे करता येते. आतील जोडण्या गंजल्या असतील, तर एअरबॅग ऐनवेळी दगा देते. म्हणून पावतीवर स्वच्छ लिहावे: काय झिजले होते, काय भरले, काय रंगवले, काय तपासले नाही. चामडे म्हणून रेक्झिन खपवू नये. सोलवटलेले रेक्झिन रंगाने टिकत नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे, मग काम गेले तरी चालेल.

या साऱ्यावरून आमचे मत असे बनले आहे, की हे शिक्षण आपल्या संस्थेत अवश्य द्यावे. पण चार अटींवर. पहिली, ते ऐच्छिक असावे. ज्याला वा जिच्या घरच्यांना चामडे नको वाटते, त्यांच्या भावनेचा मान राखावा आणि कारण विचारू नये. दुसरी, ते सर्व जातिधर्मांच्या मुलामुलींसाठी असावे. आपलीच मुले तेवढी चामड्याला आणि इतर संगणकाला, असे चित्र दिसले, तर तो वर्ग त्याच दिवशी बंद करावा. तिसरी, शालेय अभ्यासाच्या एका तासालाही त्याने धक्का लावू नये. आपल्या मुलामुलींनी डॉक्टर, वकील, संशोधक व्हावे, ही आकांक्षा तसूभरही कमी होता कामा नये. चौथी, मुलांना टाके आणि रंग शिकवताना दर लावणे, हिशेब ठेवणे आणि नको असलेले काम नाकारणे हेही शिकवावे. यातील नाकारणे आम्ही सर्वांत मोलाचे मानतो, कारण आपल्या पूर्वजांना तेवढेच करू दिले जात नव्हते.

सभा संपल्यावर ते बाबा मोटारीपाशी आले होते. त्यांनी स्टिअरिंगवर हात फिरवला, टाके निरखले आणि त्या माजी विद्यार्थ्याला विचारले, "याचं किती घेतोस?" त्याने बाजारातला दर सांगितला. बाबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आणि देतात?" तो म्हणाला, "आधी निम्मे घेतो, बाबा. मगच हात लावतो."

बाबा काही बोलले नाहीत. त्यांचे मत बदलले, असा दावा आम्ही करीत नाही आणि ते बदललेच पाहिजे, असाही आमचा आग्रह नाही. परंतु त्यांच्या आजोबांच्या काळी ज्या कामाचे दाम मागण्याची सोय नव्हती, त्या जातीच्या कामाचे दाम त्यांच्या नातवाच्या वयाचा एक मुलगा आधी मागतो, एवढे त्यांनी ऐकले. येत्या सुटीत वर्ग सुरू होईल तेव्हा पालकांनी येऊन बसावे, आक्षेप घ्यावेत, आमचे चुकत असेल तेथे आम्हांस थांबवावे, ही नम्र विनंती.

जय भीम. नमो बुद्धाय.