अडीचशे चौरस फूट

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतली जमीन हादरली. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून गावे नुकतीच निजली होती. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, पेठसांगवी ही नावे त्या दिवसापर्यंत मुंबई-पुण्याच्या माणसाला ठाऊकही नव्हती. सकाळी ती साऱ्या देशाच्या तोंडी झाली. सरकारी नोंदीप्रमाणे सुमारे ८ हजार माणसे गेली.

माणसे भूकंपाने मेली असे आपण म्हणतो. खरे तर ती भिंतींनी मारली. त्या भागातली जुनी घरे म्हणजे दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, आत सांधायला नुसता चिखल, आणि वर माळवद. पाऊस गळू नये म्हणून दरसाल त्यावर मातीचा थर चढायचा. पिढ्यान्पिढ्या चढलेला तो बोजा निजलेल्या माणसांवर कोसळला. ज्यांना दगडी वाडा परवडला नाही, जे गावकुसाबाहेर कुडाच्या भिंती आणि गवताच्या छपराखाली राहत होते, त्यांच्या अंगावर पडायला एवढे वजनच नव्हते. गरिबीने कधी कोणाचे भले केले असेल तर ते त्या एका पहाटे.

पण पुढे काय झाले, ते आमच्या वाचकांनी नीट ध्यानात ठेवावे असे आहे.

मदतीला तोटा नव्हता. धान्य आले, घोंगड्या आल्या, संस्थांनी गावे दत्तक घेतली. जागतिक बँकेच्या कर्जातून सरकारने मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. ५२ गावे नव्या जागी वसवायची आणि बाकीच्या शेकडो गावांत घरमालकाला पैसे देऊन पडझड झालेली घरे दुरुस्त व मजबूत करून घ्यायची, असे ठरले. नव्या गावात घर द्यायचे तर किती मोठे द्यायचे? सरकारने त्यासाठी जमीन धरली. ज्याला जमीन नाही किंवा १ हेक्टरपर्यंत आहे त्याला २५० चौरस फूट. १ ते ७ हेक्टरवाल्याला ४००. ७ हेक्टरांच्या वर असेल त्याला ७५०.

घरात माणसे किती, हा प्रश्न त्या मापात नव्हता. पाच लेकरांची भूमिहीन मजूरबाई आणि मोठा बागायतदार दोघांचेही घर पडले होते. पण एकाला दुसऱ्याच्या तिप्पट. मराठवाड्यात पिढ्यान्पिढ्या जमीन कोणाच्या नावे राहिली आणि कोणाला मिळू दिली गेली नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. सातबाऱ्यावरचा जुना अन्याय नव्या सिमेंटमध्ये जसाच्या तसा ओतला गेला. कागदावर जातीचा उल्लेख कोठेच नव्हता, म्हणून त्याला कोणी जातिभेद म्हटले नाही. आणि एका मापाची घरे एका बाजूला बांधली, की भूमिहीनांची ओळ वेगळी पडणारच. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत भारतीय खेड्याचे जे परखड वर्णन केले, ते खेडे पार जमीनदोस्त झाले होते. कोऱ्या जागेवर नवे गाव आखायची अशी संधी शतकात एखादीच येते.

कोणी म्हणेल, मुंबईच्या बीडीडी चाळीची खोली १६० चौरस फुटांची, मग २५० काय वाईट? पण चाळीतल्या माणसाला शेळी बांधायची नसते. वर्षाची ज्वारी, सरपण, गोवऱ्या, औजारे ठेवायची नसतात. खेड्यातले घर निम्मे अंगणात असते. नव्या गावांत लोकांनी पुढे काय केले? दारापुढे पुन्हा दगडमातीचे आडोसे उभे केले. ज्याची भीती त्याच भिंती! त्यांना हसू नका. चूल कोठे मांडणार, हे आखणी करणाऱ्याने बाईला विचारलेच नव्हते.

जिथे बाईला विचारले, तिथे काम निराळे झाले. घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. हप्ता कधी येतो, कोणाचा अडला, हे त्या सांगू लागल्या. छपरावरची माती कमी करावी, भिंतीत आरपार जाणारे लांब दगड घालावेत, दारा-खिडक्यांच्या वर सिमेंट-सळईचा सलग पट्टा फिरवावा, हे ज्यांना शाळा माहीत नव्हती अशा बायका गवंड्याला बजावू लागल्या. जवळजवळ दोन लाख घरे त्या कार्यक्रमात दुरुस्त झाली. २६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरले, तेव्हा या भागातल्या बायका तिकडच्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. आमच्या मते ट्रकभर जुन्या कपड्यांपेक्षा ही मदत मोठी.

आपल्या विहारांतून, महिला मंडळांतून संकटकाळी वर्गणी निघते. पोटाला चिमटा काढून दिलेले ते दान आहे. ते थांबू नये. पण डब्यातले पैसे संपतात, यादी मात्र राहते. म्हणून पैशाबरोबर दोन-चार लिहिणारी माणसे पाठवावीत आणि पंधरा दिवसांत परतू नये, निदान पंचनामे आणि याद्या होईपर्यंत राहावे. मालकाच्या वाड्यात राहणारा सालगडी, ऊसतोडीला गेलेले कुटुंब, भावाच्या आसऱ्याला आलेली टाकलेली बहीण, भाड्याने राहणारा, यांच्याकडे ना घरपट्टीची पावती ना सातबारा. यांची नावे पहिल्या यादीत बसली नाहीत, तर दुसऱ्या यादीसाठी वर्षे जातात. रेशनकार्ड ढिगाऱ्यात गेले असेल तर त्याच दिवशी अर्ज लिहून पोच घ्यावी. यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली, की ती वाड्यावस्तीत मोठ्याने वाचून दाखवावी. आणि घराचे माप ठरत असेल त्या बैठकीत आपली माणसे, विशेषतः आपल्या बाया, पुढच्या रांगेत बसवाव्यात. तेथे एकच प्रश्न विचारायचा: माप माणसांवरून धरणार, की जमिनीवरून?

१९९३ साली जी पोरे दहा वर्षांची होती ती आता चाळिशी ओलांडून गेली. त्यांची लग्ने झाली, लेकरे मोठी झाली. ७५० फूटवाल्याने प्लॉटवर आणखी खोल्या काढल्या असतील. २५० फुटांच्या घरात मात्र दोन भावांचे संसार निभावायचे, तर मधे पडदा लावावा लागतो आणि म्हाताऱ्यांची खाट बाहेर पत्र्याखाली येते.