कचऱ्याला गिऱ्हाईक हवे

कतारची राजधानी दोहा. तिच्या मधोमध मुशैरिब नावाची जुनी वस्ती होती. तेथील एका रस्त्यावर शहरात पहिल्याप्रथम वीज आली, म्हणून त्याला ‘काहरबा’, म्हणजे विजेचा रस्ता, असे नाव पडले. पुढे सधन कुटुंबे उपनगरांत गेली आणि जुन्या घरांत परदेशी कामगारांची दाटी झाली. 2010 साली ही वस्ती पाडून 31 हेक्टरांवर शंभरावर इमारतींचे नवे नगर उभारण्याचे काम सुरू झाले. हे काम कतार फाउंडेशनच्या मालकीच्या कंपनीचे. चार जुनी घरे जपून तेथे संग्रहालये केली आणि बाकी वस्ती इतिहासजमा झाली.

वस्ती पाडली की मलबा निघतो. तो वाळवंटात नेऊन टाकणे सोपे असते. पण नव्या बांधकामाला खडी लागते, आणि कतारमध्ये चुनखडीचा मऊ दगड असल्याने काँक्रीटसाठी गॅब्रो नावाचा कठीण दगड बाहेरून, मुख्यत्वे संयुक्त अरब अमिरातीतून, जहाजाने आणावा लागे. म्हणजे एकीकडे मलब्याचे ढीग, तर दुसरीकडे परक्या डोंगराचा दगड! 2017 च्या जूनमध्ये शेजारच्या देशांनी कतारची नाकेबंदी केली आणि हा मार्ग एकाएकी बंद झाला. ओमानसारख्या ठिकाणांकडे वळावे लागले. नाकेबंदी 2021 च्या जानेवारीत उठली.

सुदैवाने कतारने एक काम आधीच करून ठेवले होते. 2014 च्या बांधकाम मानकांत मलब्यापासून केलेल्या खडीच्या वापरास जागा दिली होती. या गोष्टीचे महत्त्व चटकन लक्षात येत नाही. जुन्या काँक्रीटच्या खडीला सिमेंट चिकटलेले असते, त्यामुळे ती पाणी अधिक शोषते. तीत जिप्समचे तुकडे मिसळले तर नवे काँक्रीट खराब होते. म्हणून ती दळून, चाळून, तपासून घ्यावी लागते. मानकात नाव नसेल तर कोणताही अभियंता अशा खडीवर सही करणार नाही, कारण उद्या भिंतीला तडा गेला तर जाब त्यालाच विचारला जाईल. मुशैरिबच्या इमारतींसाठी जे ‘लीड’ प्रमाणपत्र घेतले, त्या पद्धतीतही पुनर्वापराच्या मालाला गुण मिळतात. मालकाने आपण होऊन असा माल मागितला की पुरवठा करणारे पुढे येतात.

मुद्दा हाच आहे. आपण घरोघरी कागद, बाटल्या, पत्रे वेगळे करतो आणि पुनर्वापर झाला असे मानतो. वास्तविक तो अर्धाच व्यवहार झाला. त्या रद्दीपासून कोणी कागद केला आणि तो कोणी विकत घेतला नाही, तर कारखाना बंद पडतो आणि रद्दी पुन्हा उकिरड्यावर जाते. कोणत्याही देशात सर्वांत मोठे गिऱ्हाईक सरकार असते. शाळांच्या वह्या, कचेऱ्यांचा कागद, रस्त्याची खडी, सारे तेच घेते. ते काय मागते, यावर कारखान्याचे भवितव्य ठरते.

अमेरिकेने हे 1976 च्या कायद्यात ओळखले होते. सरकारी खात्यांनी टाकाऊपासून केलेला माल घ्यावा असे त्यात सांगितले. तरी कागदाला ठोस आकडा 1993 मध्ये मिळाला. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने छपाईच्या कागदात वापरून झालेल्या कागदाचा अंश 1994 अखेर 20 टक्के आणि 1998 अखेर 30 टक्के ठरला. ‘वापरून झालेला’ हा शब्द मुद्दाम घातला होता, कारण गिरणीतलीच कात्रणे पुन्हा लगद्यात टाकून ‘पुनर्वापर’ म्हणून मिरवणे सोपे असते. भारतातही 2016 च्या बांधकाम-मलबा नियमांत महापालिका व सरकारी कंत्राटांत असा माल 10 ते 20 टक्के घेण्याचे सांगितले होते, आणि त्याच वर्षी भारतीय मानकाने ठरावीक मर्यादेत अशा खडीला मान्यता दिली.

आता आपल्या बेटाकडे पाहू. 1997 पासून मॉरिशसचा कचरा मार शिकोझ येथे जातो आहे. तेथील दुर्गंधीपायी जवळच्या गावातील कुटुंबांना घरे सोडून दुसरीकडे जावे लागले. एवढ्याशा बेटावर दुसरा असा खड्डा कोणाच्या गावाशेजारी खणायचा? उत्तर कोणीही आनंदाने देणार नाही.

सरकारच्या निर्णयाने बाजार वळतो, हे आपण पाहिलेले आहे. 2001 मध्ये समुद्रातील प्रवाळी वाळू काढणे बंद झाले, तेव्हा घरे बांधायची कशी असा आरडाओरडा झाला. पण काळा दगड दळून केलेल्या वाळूने घरे उभी राहिलीच. शिवाय शाश्वत सरकारी खरेदीचा प्रयोग संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने ज्या सात देशांत झाला, त्यांत मॉरिशस होता. 2011 ते 2015 साठी आपली कृतियोजनाही तयार झाली होती. म्हणजे कल्पना आपल्याला परकी नाही.

परंतु योजना ही शिफारस असते आणि टेंडर हा हुकूम असतो. टेंडरात ‘शक्य असल्यास’ असे लिहिले की ते कधीच शक्य होत नाही, कारण सर्वांत कमी भाव देणाऱ्याला काम जाते आणि उकिरड्याचा खर्च त्या भावात धरलेला नसतो. तो खर्च मार शिकोझच्या लोकांनी घर सोडून दिला. मालाचे मानक, टक्क्यांचा आकडा आणि तो तपासणारा अधिकारी, ही तिन्ही टेंडरात लिहिली पाहिजेत.

दरवर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी आपण भाव आणि पगार यांवर वाद घालतो. त्यासोबत आपल्या मतदारसंघातील प्रतिनिधीला एवढेही विचारावे: यंदा सरकार जो कागद आणि जी खडी विकत घेणार, त्यांत टाकाऊचा हिस्सा किती, आणि तो टेंडरात कोठे लिहिला आहे?